टोपाचं झाकणसुद्धा पुरतं: ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये ढाल कशी वापरायची

गेल्या महिन्यात भाचीचा रात्री साडेदहाला फोन, "मामा, तो सहा पायांचा राक्षस मला एका फटक्यात मारतोय, आणि ढाल समोर धरली तर ढालच तुटते, मग ढाल दिलीय कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. गेम ढालीबद्दल जवळजवळ काहीच समजावून सांगत नाही, बटणं दाखवतो आणि सोडून देतो. त्या रात्री फोनवर तिला जे सांगितलं आणि नंतर रविवारी शेजारी बसून जे करून घेतलं तेच इथे नीट क्रमाने लिहितोय, म्हणजे अजून कोणी नवीन असेल तर त्याचे आठ-दहा दिवस वाचतील.

गेम म्हणजे झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड, मार्च 2017 मध्ये निन्टेंडो स्विच आणि वी यू वर आलेला. बटणं मी स्विचची सांगतोय.

आधी हात बसवा

झेडएल, म्हणजे कंट्रोलरचं डाव्या हाताचं मागचं बटण, दाबून धरलं की लिंक, म्हणजे आपण खेळतो तो नायक, ढाल पुढे करतो आणि समोरच्या शत्रूवर नजर लॉक होते. तेवढंच, बाकी काही करायचं नाही, दाबून धरलंय तोवर ढाल वर, सोडलं की खाली. आता इथे पहिली चूक सगळ्यांकडून होते ती म्हणजे हातात दोन हातांची मोठी तलवार किंवा भाला काढलेला असतो आणि झेडएल दाबून "ढाल का येत नाही" म्हणून बसतात. दोन्ही हात गुंतलेत ना, ढाल धरणार कोण? एका हाताची तलवार, गदा, काठी असं काही असेल तरच ढाल सोबत येते, नाहीतर मोठं हत्यार आधी पाठीवर ठेवा. धनुष्य ताणलेलं असतानाही तेच.

ढाल फक्त समोरून येणारा वार अडवते. तीन बोकोब्लिन, म्हणजे गेममधले सगळ्यात साधे राक्षस, असतील तर एकावर लॉक करून ढाल धरून उभं राहिलात की बाकीचे दोघं मागून सोलून काढतात. म्हणून झेडएल धरून मागे मागे सरका, सगळे समोर येतील असं बघा, पाठ भिंतीला किंवा झाडाला लावली तर अजून बरं.

ढाल बदलायची असेल तर डी-पॅडचं, म्हणजे चार दिशांच्या बटणांतलं, डावं बटण दाबून धरा, वरती रांग दिसते, उजव्या स्टिकने निवडा. त्यावेळी गेम थांबलेला असतो त्यामुळे घाई करू नका. हे सवयीचं करून घ्या कारण पुढे हे सतत लागणार आहे.

ढालीवरचा आकडा आणि न दिसणारा आकडा

मेन्यूत प्रत्येक ढालीवर एक आकडा दिसतो, तो गार्ड. जितका मोठा तितका जड वार ती सहज झेलते आणि कमी झिजते. पण दुसरा एक आकडा आहे तो गेम दाखवतच नाही, तो म्हणजे ड्युरेबिलिटी, किती मार खाऊन ती तुटणार. आणि हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले नाहीत, हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो.

उदाहरणं देतो. टोपाचं झाकण, हो, खरंच स्वयंपाकघरातलं झाकण, त्याचा गार्ड 1 आणि ड्युरेबिलिटी 10. बोकोब्लिनकडून मिळणारी लाकडी बोको ढाल, गार्ड 3 पण ड्युरेबिलिटी फक्त 5, म्हणजे झाकणापेक्षा आकडा मोठा आणि आयुष्य निम्मं. सैनिकाची ढाल 16 आणि 16. नाइटची 40 आणि 23. रॉयल ढाल 55 आणि 29. आणि रॉयल गार्डची काळी ढाल, जिचा गार्ड 70 बघून सगळे खूश होतात, तिची ड्युरेबिलिटी फक्त 14, दोन-चार मोठ्या लढायांत गेली. सगळ्यात वर हायलियन ढाल, गार्ड 90 आणि ड्युरेबिलिटी 800, आठशे! तिच्याकडे शेवटी येतो.

मग तुटायला आलीय हे कळणार कसं? स्क्रीनवर मेसेज येतो की ढालीची अवस्था वाईट आहे आणि मेन्यूत तिचं चित्र लाल लुकलुकायला लागतं. एकदाही न वापरलेली ढाल मेन्यूत बारीक चमकते, त्यावरून कोरी कुठली हे समजतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो, ढाली जपून ठेवू नका. नवीन माणूस हमखास चांगली ढाल "पुढे लागेल" म्हणून ठेवून देतो आणि फुटक्या बोको ढालीवर लढत राहतो, आपल्या घरी पाहुण्यांसाठीचे चांगले कप कपाटात ठेवतात ना तसं. सुरुवातीला ढालींचे कप्पे चारच असतात. चार भरले की पाचवी सापडली तरी घेता येत नाही, मग ती तिथेच पडून राहते. वापरा, तुटू द्या, नवीन मिळत राहतात, आणि ब्लड मून, म्हणजे लाल चंद्राची रात्र, झाली की मेलेले शत्रू त्यांच्या हत्यारं-ढालींसकट परत उभे राहतात. कप्पे वाढवायचे तर कोरोक नावाच्या रानातल्या बुटक्या जीवांकडून मिळणाऱ्या बिया गोळा करून हेस्टुला द्यायच्या, तो मोठा गलेलठ्ठ कोरोक, हातात खुळखुळे घेऊन नाचणारा. ढालींचे कप्पे वीसपर्यंत जातात पण माझं मत असं की आधी हत्यारांचे दोन-तीन कप्पे वाढवा, ढाल नीट वापरायला शिकलात की चार-सहा ढाली खूप झाल्या.

लाकूड की लोखंड

हे पटकन सांगतो. लाकडी ढाल आगीत जळते, शत्रूने आगीचा बाण मारला तर जळते, आणि डेथ माउंटनच्या गरम भागात वर गेलात तर नुसती पाठीवर असतानासुद्धा पेट घेते. तिचा फायदा असा की समोरून आलेले बाण तिच्यात रुततात आणि ढाल खाली केली की ते बाण तुमच्या खात्यात जमा होतात, सुरुवातीला बाणांची चणचण असते तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

लोखंडी ढाल टिकते पण विजांच्या पावसात ती पाठीवर असली की वीज तुमच्यावर पडते. आधी अंगावर ठिणग्या उडायला लागतात, तो इशारा. तेव्हा ताबडतोब मेन्यूत जाऊन लोखंडी ढाल, तलवार, धनुष्य सगळं उतरवा. किंवा ती ढाल शत्रूंच्या मधोमध टाकून पळा, वीज तिथे पडते आणि काम फुकटात होतं. विजेच्या बाणाने फटका बसला तर हातातली ढाल-तलवार निसटून खाली पडते, मग आधी उचला, मारामारी नंतर.

आपल्याकडच्या जुन्या ढाली बघितल्यात ना म्युझियममध्ये, गोल, कातडी किंवा पोलादी, पुढे चार फुल्या बसवलेल्या. त्या फुल्या नुसत्या शोभेच्या नसतात, मागच्या मुठीच्या कड्या त्यांनीच धरलेल्या असतात. मूठ ढालीच्या मधोमध, त्यामुळे मनगटाने ढाल फिरवता येते, वाराच्या वाटेत नुसतं उभं न राहता वार बाजूला ढकलता येतो. गेममधली पुढची पायरी समजायला हे डोक्यात असू द्या.

परफेक्ट गार्ड, म्हणजे खरी ढाल

झेडएल धरलेलं असताना ए दाबलं की लिंक ढाल झटक्यात पुढे ढकलतो. वार लागायच्या अगदी त्या क्षणी हे केलं तर परफेक्ट गार्ड होतो, पॅरी म्हणतात बरेच जण. शत्रूचा तोल जातो, तुम्हाला मारायला मोकळी जागा मिळते, आणि ढाल अजिबात झिजत नाही. अजिबात म्हणजे शून्य. म्हणजे टायमिंग जमलं तर गार्ड 1 वालं झाकण आणि गार्ड 70 वाली ढाल यात काही फरक उरत नाही. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला पटलं नाही, करून दाखवल्यावर पटलं.

वेळ चुकली तर काय? लवकर दाबलंत तर ढाल पुढे जाऊन परत येते आणि तेवढ्यात वार बसतो. उशिरा दाबलंत तर साधा गार्ड होतो, ढाल झिजते पण जीव वाचतो. म्हणून शिकताना थोडं उशिराच्या बाजूला राहा.

सराव कुठे करायचा ते महत्त्वाचं आहे कारण बाहेर रानात सराव म्हणजे मरणच.

पहिली जागा काकारिको गाव. गावाच्या वरच्या अंगाला टा-लो नेगचं श्राइन, म्हणजे कसोटीची छोटी खोली, आहे, त्याच्या आत एक छोटा गार्डियन, म्हणजे जुन्या काळचं लढाऊ यंत्र, तुम्हाला एकेक डाव शिकवतो, बाजूला उडी, मागे कोलांटी, मग परफेक्ट गार्ड, मग चार्ज करून वार. स्क्रीनवर लिहून येतं काय करायचं. बहुतेक जण एकदा जमलं की पुढे निघतात. माझं म्हणणं असं की परफेक्ट गार्डच्या पायरीला मुद्दाम थांबा, त्याला मारू नका, नुसतं परतवत राहा, सलग दहा वेळा जमेपर्यंत. वीस मिनिटं लागतील, पण पुढचे पन्नास तास सोपे होतात.

दुसरी पायरी, एकटा लाल बोकोब्लिन शोधा, हातात सोटा असलेला. तो वार करायच्या आधी हात वर नेतो, क्षणभर थांबतो, मग खाली आणतो. तुमची नजर सोट्यावर नको, खांद्यावर ठेवा. क्रिकेट खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही, बॉल टप्पा पडल्यावर बघायचा नसतो, हातातून सुटताना बघायचा असतो, तसंच. हात खाली यायला सुरुवात झाली की ए. मग भाला घेतलेला बोकोब्लिन घ्या, त्याचा वार सरळ आणि पटकन येतो, थांबण्याचा क्षण फार छोटा. मग लिझालफॉस, म्हणजे सरड्यासारखा राक्षस, तो उड्या मारत येतो त्यामुळे अंतराचा अंदाज येईपर्यंत चुकणारच.

एक फरक लक्षात ठेवा. उडी मारून वार चुकवला आणि तो अगदी शेवटच्या क्षणी चुकवला तर वेळ मंदावतो आणि वाय दाबून धडाधड वार करता येतात, त्याला फ्लरी रश म्हणतात. परफेक्ट गार्डनंतर ते होत नाही, फक्त तोल जातो. मग गार्ड कशाला? कारण उडीला बाजू निवडावी लागते, उभा वार असेल तर बाजूला, आडवा असेल तर मागे, आणि चुकीची बाजू निवडली की मार बसतो. गार्डला फक्त वेळ लागते, बाजू नाही. नवीन माणसाला एकाच गोष्टीचा विचार करायला लागणं हे फार सोपं पडतं, म्हणून मी आधी गार्ड शिकवतो, उडी नंतर.

आता तो सहा पायांचा

गार्डियन. गेम सोडून देणारे बरेच जण इथेच सोडतात, म्हणून इथे जरा वेळ घालवतो.

आधी फिरत्या गार्डियनकडे जाऊच नका. ग्रेट प्लॅटोवर, म्हणजे गेम सुरू होतो त्या पठारावरच, ईस्टर्न अ‍ॅबीचे पडके अवशेष आहेत, तिथे पाय नसलेले, जमिनीत रुतलेले जुने गार्डियन आहेत. ते जागचे हलत नाहीत. भिंतींच्या मागे लपता येतं. सरावाला याहून चांगली जागा अख्ख्या हायरूलमध्ये, म्हणजे गेममधल्या राज्यात, नाही.

जायच्या आधी सेव्ह करा. मेन्यूतून हाताने करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका.

मग एका पडक्या भिंतीमागे उभे राहा, ज्या गार्डियनशी लढायचंय तो एकटाच तुम्हाला बघू शकेल अशी जागा बघा, दोन जणांचे लेझर एकदम आले तर शिकणं होत नाही. बाहेर या, झेडएल धरा. लाल लेझरची रेघ तुमच्या छातीवर येईल आणि टिक टिक आवाज सुरू होईल, त्याचा वेग हळूहळू वाढत जातो. या वेळात काही करू नका. हलू नका. अंगठा ए वर ठेवा आणि त्याच्या डोळ्याकडे बघा. टिकटिक एकदम भरभर झाली की डोळ्यात निळा-पांढरा लखकन प्रकाश येतो आणि झोत सुटतो. तो लखकन दिसला की ए.

अंतराचा हिशोब आहे यात. तुम्ही अगदी जवळ असाल तर प्रकाश दिसताक्षणी दाबायचं कारण झोत लगेच पोचतो. लांब असाल तर प्रकाश दिसल्यावर एक अर्धा श्वास थांबून दाबायचं. मी म्हणेन शिकताना मध्यम अंतर ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी तिथेच उभे राहा, जागा बदलत राहिलात तर हाताला लय सापडत नाही.

जमलं की झोत तसाच उलटा जाऊन त्याच्या डोळ्यात बसतो. रुतलेला जुना गार्डियन एका परतवणीत संपतो. फिरणारा सहा पायांचा तीन परतवण्यांत. आणि हे टोपाच्या झाकणाने होतं, तेच झाकण, गार्ड 1. पहिल्यांदा होतं तेव्हा खुर्चीतून उठून ओरडतो माणूस. भाची ओरडली, शेजारच्या काकू बघायला आल्या.

न जमता साधा गार्ड झाला तर मात्र झोत साध्या ढालीला जागीच फोडतो, फोनवर भाची हेच सांगत होती. म्हणून सरावाला दोन-तीन स्वस्तातल्या ढाली सोबत न्या, आणि एक फुटली की लगेच भिंतीमागे जा, डी-पॅडने दुसरी घ्या, परत बाहेर. सुरुवातीला जीव दाखवणारी तीनच हृदयं असतात, तेव्हा झोत अंगावर बसला तर बहुतेक वेळा तिथेच खेळ संपतो, चिडू नका, परत लोड करा.

ज्यांना टायमिंग काही केल्या जमत नाही, हाताला त्रास आहे किंवा वय झालंय, त्यांच्यासाठी एक सरळ रस्ता आहे. अक्काला भागातल्या एन्शन्ट टेक लॅबमध्ये गार्डियनचे सुटे भाग आणि रुपये देऊन एन्शन्ट ढाल बनवून मिळते. ती नुसती समोर धरली तरी झोत आपोआप परतवते, ए दाबायची गरज नाही. यात कमीपणा काही नाही, गेम खेळण्यासाठी आहे.

चांगल्या ढाली मिळवायच्या कुठून

गंजलेल्या ढाली फेकून देऊ नका. डेथ माउंटनच्या बाजूला रॉक ऑक्टोरोक असतात, दगड थुंकणारे. ते कधीकधी जोरात श्वास आत ओढतात, त्यावेळी गंजकी ढाल त्यांच्यासमोर जमिनीवर टाका, ती गिळून ते घासूनपुसून नवी करून तुमच्याकडे थुंकतात. काय मिळेल ते नशिबावर, कधी प्रवाशाची साधी, कधी थेट रॉयल.

हायलियन ढाल हायरूल कॅसलच्या तळघरातल्या कोठडीत आहे. तिथे सांगाड्याचा राक्षस आहे, स्टॅलनॉक्स, त्याला हरवलं की पेटी मिळते. शेवटच्या लढाईची वाट बघायची गरज नाही, किल्ल्यात गुपचूप पाण्याच्या बाजूने धक्क्यावरून शिरून ढाल घेऊन बाहेर येता येतं. स्टॅलनॉक्सच्या एकुलत्या एका डोळ्यात बाण मारत राहा. ही ढालसुद्धा तुटते, आठशेला का होईना, पण टॅरी टाउन, म्हणजे गेममध्ये तुमच्या मदतीने उभं राहणारं गाव, पूर्ण बांधून झालं असेल तर तिथे 3000 रुपयांना परत विकत मिळते, रुपये म्हणजे गेममधले रुपी हो.

घसरगुंडी

झेडएल धरून एक्सने उडी, हवेत ए, आणि लिंक ढालीवर उभा राहून उतारावरून घसरत जातो. बर्फ आणि वाळूवर ढाल कमी झिजते, दगडावर भराभर झिजते. यासाठी चांगली ढाल वापरू नका, बोको ढाल पुरे. हेब्राच्या डोंगरात सेल्मी नावाची बाई शर्यती लावते, लढाईचा कंटाळा आला की तिकडे जा.

पुढचा गेम घेतलात तर

टिअर्स ऑफ द किंगडम, मे 2023. परफेक्ट गार्ड तोच, बटणं तीच, हाताची सवय तशीच्या तशी चालते. नवीन आहे ते फ्यूज, म्हणजे ढालीला काहीही चिकटवता येतं. समोरच्या वस्तूपाशी उभं राहून फ्यूज चालू करायचं आणि झेडएल दाबायचं, वाय दाबलंत तर ती तलवारीला चिकटेल. रॉकेट चिकटवलं की ढाल वर करताच तुम्ही सरळ आकाशात. धूर सोडणारं पफश्रूम चिकटवलं की वार ढालीवर बसताच धुराचा ढग होतो आणि त्यात मागून जाऊन मारता येतं, नवीन माणसाला घोळक्यातून सुटायला हे सगळ्यात सोपं. खाणीतली गाडी चिकटवली की स्केटबोर्ड. आरसा, ज्वाळा सोडणारं यंत्र, बॉम्ब, सगळं चालतं, फक्त बॉम्ब चिकटवलेली ढाल घेऊन चुकून घसरगुंडी करू नका, म्हणजे करा, पण खाली पॅराग्लायडर उघडायला जागा आहे ना ते आधी बघा. चिकटवलेलं वेगळं करायचं तर टॅरी टाउनमधला पेलिसन 20 रुपयांत काढून देतो, मेन्यूतून तोडलंत तर चिकटवलेली वस्तू गेली.

भाचीचं आता प्लॅटोवरचं झालंय, काल मैदानातल्या फिरत्या गार्डियनला दोन वेळा परतवलं आणि तिसऱ्याला घाई केली. आज परत बसणार आहे, झाकण घेऊनच.